वाय-फायचे शब्द आणि वाय-फायची यंत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘वाय-फाय चालत नाही’ या एका तक्रारीमागे निदान चार निरनिराळे बिघाड असू शकतात. बाहेरून येणारी लाइन बंद असेल, राउटर हँग झाला असेल, हवेत गर्दी असेल किंवा फोनच लांबच्या ॲक्सेस पॉइंटला (वाय-फायचा सिग्नल हवेत सोडणाऱ्या यंत्राला) चिकटून बसला असेल. नेमकं काय बिघडलंय ते सांगता यावं, निदान दुरुस्तीला आलेल्या माणसाशी धड बोलता यावं, यासाठी यंत्रांची आणि त्यांच्या भागांची नावं ठाऊक हवीत. प्रश्न क्रमानेच वाचायला हवेत असं नाही. फक्त ‘फुल रेंज असूनही वेग का नाही’ हा प्रश्न गाळू नका.

वाय-फाय आणि इंटरनेट एकच ना?

नाही, आणि निम्मा घोळ इथेच होतो. वाय-फाय म्हणजे तुमचा फोन आणि राउटर यांच्यातला काही मीटरांचा बिनतारी दुवा. राउटरच्या पलीकडे जाते ती इंटरनेटची लाइन. दुवा ठणठणीत आणि लाइन तुटलेली, हे सर्रास घडतं: रेंज फुल, पान एकही उघडत नाही. अशा वेळी राउटरची जागा हलवून किंवा पासवर्ड बदलून काहीच साधत नाही.

ओळखायचं कसं? ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर असतो, १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ अशा धर्तीचा. लॉगिनचं पान झटकन उघडलं तर वाय-फाय ठीक आहे, दोष पुढे लाइनमध्ये आहे. तेही रखडत उघडलं तर दोष तुमच्याच खोलीत आहे. लाइन पूर्ण बंद असतानाही वाय-फायवरून प्रिंटरला छपाई पाठवता येते, एका लॅपटॉपवरची फाइल दुसऱ्यावर घेता येते, हे पुष्कळांच्या गावीही नसतं.

८०२.११ आणि त्यापुढची अक्षरं कशाची?

आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने ठरवलेल्या मानकाचा हा क्रमांक. पहिली आवृत्ती १९९७ सालची, वेग जेमतेम २ एमबीपीएस (म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट). १९९९ मध्ये ११ एमबीपीएसची ‘बी’ आणि ५४ एमबीपीएसची ‘ए’ आली, २००३ मध्ये ‘जी’, २००९ मध्ये ‘एन’, २०१३ मध्ये ‘एसी’, २०२१ मध्ये ‘एएक्स’. अक्षरांचा हा उलटासुलटा क्रम कुणाच्याच लक्षात राहीना. शेवटी २०१८ मध्ये वाय-फाय अलायन्स या उत्पादकांच्या संघटनेने सरळ आकडे दिले: एन म्हणजे वाय-फाय ४, एसी म्हणजे ५, एएक्स म्हणजे ६. वाय-फाय ७ म्हणजे ‘बीई’. त्याच्या यंत्रांना प्रमाणपत्रं मिळायला जानेवारी २०२४ पासून सुरुवात झाली.

जुनी आणि नवी यंत्रं एकमेकांशी जुळवून घेतात, पण जुन्याच्या अटींवर. वाय-फाय ४ चा लॅपटॉप वाय-फाय ७ च्या राउटरला जोडला तरी तो चालतो वाय-फाय ४ च्याच वेगाने. राउटरवर पैसे घालण्याआधी आपल्याकडची यंत्रं कोणत्या पिढीची आहेत ते बघून घ्यावं.

मोडेम, राउटर, स्विच, ॲक्सेस पॉइंट हे चार वेगळे कसे? डबा तर एकच आहे.

डबा एक, कामं चार. मोडेम बाहेरच्या लाइनवरचे संकेत आपल्या नेटवर्कला समजतील अशा रूपात आणतो. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेला आणि टीव्हीच्या केबलला मोडेम लागतो. फायबर असेल तर तेच काम ओएनटी नावाचा डबा करतो. बोलताना सगळे त्यालाही मोडेमच म्हणतात, म्हणेनात का. राउटर दोन नेटवर्कांच्या सीमेवर बसतो. एका बाजूला तुमची यंत्रं, दुसऱ्या बाजूला इंटरनेट, आणि कुठलं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) कुठे धाडायचं हे ठरवणारा तो. मागच्या बाजूला ओळीने असलेले लॅन पोर्ट म्हणजे स्विच. तारेने जोडलेल्या यंत्रांची आपापसातली देवाणघेवाण तो सांभाळतो. उरला ॲक्सेस पॉइंट. हा रेडिओचा भाग: तारेतला डेटा हवेत सोडायचा, हवेतला तारेत घ्यायचा. आपण ज्याला वाय-फाय म्हणतो ते या चौथ्या भागाचं काम.

कार्यालयात किंवा इस्पितळात हे चारही सुटे दिसतात. छताला चिकटवलेली पांढरी चकती हा नुसता ॲक्सेस पॉइंट. राउटर आणि स्विच कुठल्या तरी बंद खोलीतल्या रॅकमध्ये असतात. हा फरक समजला की एक फायदा लगेच होतो. मागच्या खोलीत रेंज मिळत नसेल तर नवा राउटर नव्हे, तिथे एक ॲक्सेस पॉइंट हवा असतो.

जुना राउटर मग ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरता येईल का?

येईल की. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर तीन गोष्टी करायच्या. त्याचा स्वतःचा आयपी पत्ता मुख्य राउटरच्या पत्त्याशी टक्कर होणार नाही असा द्यायचा, त्याची डीएचसीपी (यंत्रांना आयपी पत्ते वाटून देणारी सेवा) बंद करायची, आणि मुख्य राउटरकडून आलेली तार त्याच्या लॅन पोर्टमध्ये घालायची. वॅन पोर्टमध्ये नाही. वॅन पोर्ट हा बाहेरच्या लाइनसाठी असतो, बहुधा वेगळ्या रंगाचा आणि एकटा. त्यात तार गेली की जुन्या राउटरमागे एक वेगळंच नेटवर्क उभं राहतं. इंटरनेट चालतं, पण या खोलीतल्या फोनला त्या खोलीतला प्रिंटर दिसेनासा होतो. या प्रकाराला ‘डबल नॅट’ म्हणतात आणि तो शोधून काढताना भल्याभल्यांचा वेळ जातो.

एसएसआयडी म्हणजे काय? तो मराठीत ठेवता येतो का?

फोनमध्ये जी नेटवर्कांची यादी दिसते ती एसएसआयडींची, म्हणजे नेटवर्कांच्या नावांची. नावाची कमाल लांबी ३२ बाइट. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीतली प्रत्येक खूण यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट खाते. शिवाय काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. म्हणजे देवनागरी नाव दहा खुणांत बसवायला हवं. ‘सूर्यप्रकाश’ मध्ये अकरा खुणा आहेत, ३३ बाइट, म्हणजे एका बाइटने हुकला. ‘चांदणं’ १८ बाइटांत आरामात बसतं. काही राउटर देवनागरी नाव घेतच नाहीत आणि काही जुनी यंत्रं ते चौकोनांच्या रूपात दाखवतात, तेव्हा हौस असेल तर करून बघा.

एकाच नावाचे तीन ॲक्सेस पॉइंट लावले असतील तर नाव एकच राहतं, पण प्रत्येक रेडिओची स्वतंत्र ओळख असते. ती बीएसएसआयडी. फोन नेमका कुठल्या डब्याशी जोडलाय हे तिच्यावरून कळतं.

नाव लपवून ठेवलं तर नेटवर्क जास्त सुरक्षित होतं का?

नाही. ॲक्सेस पॉइंट सेकंदाला साधारण दहा वेळा ‘बीकन’ नावाची हाळी देत असतो. नाव लपवलं तर हाळीतली नावाची जागा कोरी राहते, हाळी चालूच राहते. वर तुमचा फोन त्या नेटवर्कच्या शोधात ते नाव स्वतःच पुकारत हिंडतो. त्यापेक्षा पासवर्ड लांब ठेवा.

२.४, ५ आणि ६ गिगाहर्ट्झ यांतला कोणता चांगला?

हे वाय-फायच्या रेडिओलहरींचे तीन पट्टे. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची, ५ ची साधारण सहा. वारंवारता वाढते तशी भिंतींतून पार होण्याची क्षमता कमी होते, म्हणून २.४ लांबवर पोहोचते आणि ५ दोन भिंतींनंतर थकते. हे ऐकून २.४ ची बाजू घ्यावीशी वाटेल, पण त्या पट्ट्यात जागा जेमतेम ८० मेगाहर्ट्झ आणि गर्दी तुफान. ब्लूटूथ, वायरलेस माउस, कॉर्डलेस फोन, खेरीज मायक्रोवेव्ह ओव्हन. ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतो आणि त्यातून थोडी गळती होतेच. अन्न गरम होत असताना व्हिडिओ अडखळतो हा भास नव्हे.

माझं मत विचाराल तर राउटरच्या खोलीत आणि लगतच्या खोलीत ५, त्यापलीकडे २.४. दारावरची घंटा, दिवे, प्लग अशी स्मार्ट उपकरणं बहुतेक वेळा फक्त २.४ वरच चालतात, तेव्हा तो पट्टा बंद करण्याचा विचारही नको. ६ गिगाहर्ट्झ हा पट्टा वाय-फाय ६ई पासून वापरात आला. त्यातला किती भाग खुला आहे हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो. तिथे फक्त नवी यंत्रं असल्यामुळे तूर्त तरी तो मोकळा आहे.

एक राहिलं: नेटवर्कच्या नावापुढे ‘५जी’ दिसलं की काहींना तो मोबाइलचा फाइव्ह-जी वाटतो. त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. इथे ५ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ.

चॅनेल १, ६ आणि ११ हेच का घ्यायचे?

चॅनेल म्हणजे पट्ट्याचा एक छोटा भाग. २.४ च्या पट्ट्यात चॅनेलांचे मध्य पाच-पाच मेगाहर्ट्झवर ठेवलेले आहेत. चॅनेल १ आहे २४१२ मेगाहर्ट्झवर, २ आहे २४१७ वर, ६ येतं २४३७ वर आणि ११ येतं २४६२ वर. प्रक्षेपण मात्र पसरतं २० मेगाहर्ट्झभर. म्हणजे शेजारचं चॅनेल हे खरं वेगळं चॅनेल नसतंच. एकमेकांवर अजिबात न येणारी तीनच निवडायची तर १, ६, ११ हाती लागतात.

‘आजूबाजूचे सगळे १ आणि ६ वर आहेत, मी मधलं ३ घेतो’ हा शहाणपणा उलटा पडतो. एकाच चॅनेलवरचे दोन राउटर एकमेकांचं बोलणं ऐकतात, समजतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात. अर्धवट एकमेकांवर आलेल्यांना दुसऱ्याचं बोलणं कळत नाही, नुसता गोंगाट पोहोचतो. तेव्हा गर्दीचं १ परवडलं, पण ३ नको. फोनवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं ॲप उघडलं की हे कमानींच्या रूपात समोर दिसतं. कुठली कमान कुणावर चढलीय ते बघा आणि सर्वांत बुटक्या कमानींकडचं चॅनेल घ्या.

चॅनेलची रुंदी किती ठेवावी?

रुंदी दुप्पट केली की वेग साधारण दुप्पट होतो, पण दुप्पट गोंगाटही आत येतो. २.४ वर २० मेगाहर्ट्झ, याहून जास्त नकोच. ५ वर ८० ठीक; इमारतीत फार राउटर असतील तर ४०. १६० आणि वाय-फाय ७ मधलं ३२० हे मोकळ्या हवेचे चोचले.

५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क मधूनच गायब होऊन मिनिटाभराने परत येतं. बिघाड आहे का?

बहुधा नाही. ५ च्या पट्ट्यातला मोठा भाग हवामानाची आणि इतर रडारंही वापरतात आणि रडारांचा हक्क आधीचा. राउटरने तिथे जाण्याआधी किमान मिनिटभर गप्प राहून कानोसा घ्यायचा आणि रडार आढळलं की चॅनेल सोडायचं, असा नियम आहे. त्याला डीएफएस म्हणतात. वारंवार होत असेल तर चॅनेल ३६ ते ४८ यांपैकी एखादं हाताने ठरवून द्या. तिथे सहसा ही अट नसते.

सिग्नल उणे आकड्यात का दाखवतात? उणे ६७ डीबीएम चांगलं की वाईट?

चांगलं. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. फोनपर्यंत पोहोचणारी शक्ती त्याच्या अगदी किरकोळ अंशाइतकी असते, म्हणून आकडा उणे. शून्याच्या जितका जवळ तितका दमदार. उणे ४० म्हणजे राउटर समोरच आहे, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुरळीत चालतो, उणे ७५ ला कुरकुर सुरू होते आणि उणे ८५ ला नाव दिसतं पण काम होत नाही.

हे मोजमाप सरळ बेरजेचं नाही. तीन डेसिबल घटले की शक्ती निम्मी, दहा घटले की दहावा हिस्सा. उणे ५० आणि उणे ७० हे आकडे शेजारी-शेजारी वाटतात, पण त्यांत शंभरपटीचा फरक आहे. फोनवरच्या रेघांवर विसंबू नका. किती डीबीएमला किती रेघा दाखवायच्या हे ज्याचा तो उत्पादक ठरवतो.

अँटेनाचं डीबीआय म्हणजे ताकद का?

अँटेना ताकद निर्माण करत नाही, आहे ती एका दिशेला वळवते. डीबीआय हा त्या वळवण्याचा आकडा. सरळ उभी काडी आडव्या दिशेने चहूकडे पसरवते. तिच्या टोकाच्या बरोब्बर वर आणि खाली अगदीच कमी जातं. जास्त डीबीआयची काडी तेच वर्तुळ आणखी चपटं करते. म्हणून दुमजली घरात ९ डीबीआयची मोठी अँटेना लावल्यावर वरच्या मजल्यावरची रेंज उलट घटू शकते. एक काडी उभी आणि एक आडवी ठेवून बघा. फुकटचा उपाय आहे आणि पुष्कळदा लागू पडतो.

बाहेरची अँटेना विकत घेताना जोडणीचं टोक तपासा. राउटरांवर बहुतेक आरपी-एसएमए असतं. साध्या एसएमएशी त्याचे आटे जुळतात, फिरवून घट्टही बसतं, पण मधली पिन एकतर दोन्हीकडे असते किंवा कुठेच नसते, आणि नीट जोडणी होत नाही.

जास्त अँटेना म्हणजे जास्त वेग?

त्या खऱ्या असतील आणि फोनकडेही तेवढ्या असतील तर. एकाच वेळी अनेक अँटेनांवरून वेगवेगळा डेटा पाठवण्याच्या तंत्राला मिमो म्हणतात आणि ते ‘२×२’, ‘४×४’ असं लिहितात. फोन सहसा २×२ असतो. सहा काड्यांच्या राउटरसमोरही तो दोनच प्रवाह घेणार.

बॉक्सवर एएक्स३००० लिहिलंय, मग वेग ३००० का मिळत नाही?

कारण ती बेरीज आहे. २.४ वरचे ५७४ एमबीपीएस आणि ५ वरचे २४०२ एमबीपीएस मिळून २९७६. ते फुगवून ३०००. एसी१२०० चंही तसंच: ३०० अधिक ८६७. तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, म्हणजे बेरीज पहिल्याच पायरीला बाद. (वाय-फाय ७ मध्ये दोन पट्टे एकत्र वापरायची सोय आहे, पण त्यासाठी फोनही त्याच पिढीचा हवा.) २४०२ साठी १६० मेगाहर्ट्झ रुंदी लागते, ८० वरच चालणारा फोन १२०१ वर येतो. हाही दुव्याचा वेग झाला. पोचपावत्या, थांबे आणि प्रत्येक पॅकेटवरचा पत्त्याचा मजकूर वजा जाता हातात पडतो तो त्याच्या साठ-सत्तर टक्के, तोही राउटरच्या खोलीत. आणि वॅन पोर्ट १ जीबीपीएसचा असेल तर बाहेरून त्याहून जास्त आत येणारच नाही. बॉक्सवर हे सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं म्हणून त्याला खोटं म्हणता येत नाही, एवढंच.

एमबीपीएस आणि एमबी यांत फरक काय?

आठपट. १०० एमबीपीएस म्हणजे १०० मेगाबिट. डाउनलोडच्या खिडकीत ते सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच दिसतात. कुणी फसवलेलं नाही.

फुल रेंज दिसते, लाइनही चांगली आहे, तरी वेग का नाही?

रेंज म्हणजे आवाज किती मोठा येतो एवढंच. बोलायला वेळ किती मिळतो हा वेगळा मुद्दा, आणि वाय-फायचं मर्म तोच आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. राउटर बोलत असताना फोन गप्प, फोन बोलत असताना राउटर गप्प, आणि त्याच चॅनेलवर शेजारच्यांचा राउटर असेल तर तोही याच रांगेत. एकच माइक असलेल्या सभेसारखं आहे हे: माइक रिकामा दिसेपर्यंत थांबायचं, मग थोडा अंदाजे वेळ आणखी थांबायचं, तरीही कुणी घेतला नाही तर बोलायचं. दोघे एकदम बोलले तर दोघांचंही वाया. प्रत्येक पॅकेटला पोच द्यावी लागते. पोच आली नाही तर ते पुन्हा पाठवायचं.

म्हणून खरी वाटणी एमबीपीएसची नसते, हवेतल्या वेळेची असते. एक मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट. ४०० एमबीपीएसने जोडलेला लॅपटॉप ते सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शात उचलतो. कोपऱ्यातल्या खोलीतला जुना टॅब्लेट ६ एमबीपीएसवर उतरलेला असेल तर त्याला तेवढ्याच डेटाला सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि ती हवा इतरांच्या वाट्याची असते. त्या एका टॅब्लेटपायी राउटरशेजारी बसलेल्याचा व्हिडिओ कॉल अडतो. उपाय साधा: जे हलत नाही ते तारेने जोडा. टीव्ही, डेस्कटॉप, गेमचा बॉक्स यांना तार दिली की हवा मोकळी होते आणि फोनला न हात लावता त्याचा वेग वाढतो. नव्या राउटरआधी इथरनेटची तार विकत घ्या, असं मी दर वेळी सांगतो. कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस देते.

रिपीटर घ्यावा की मेश?

रिपीटर (एक्स्टेंडर म्हणा) ऐकलेलं पुन्हा बोलतो. एकाच रेडिओवर हे करत असेल तर प्रत्येक पॅकेट हवेत दोनदा जातं आणि वेग निम्म्यावर येतो. त्यात तो बहुधा जिथे रेंज मेलेली आहे नेमका तिथेच लावला जातो. मग त्यालाच नीट ऐकू येत नाही, पुढे काय सांगणार? लावायचाच तर राउटर आणि अडचणीची खोली यांच्या मध्यावर लावा.

मेशमधले डबे एकमेकांना ओळखतात, एकच नाव वापरतात आणि वाट आपापसात ठरवतात. डब्यांमधल्या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. त्यासाठी तिसरा, राखीव रेडिओ असलेले संच चांगले चालतात. तारेचं बॅकहॉल असेल तर प्रश्नच मिटला.

एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं तरी फोन जुन्याच ॲक्सेस पॉइंटला धरून का बसतो?

कारण कुणाशी जोडायचं हा निर्णय फोनचा असतो, राउटरचा नाही. कामचलाऊ सिग्नल आहे तोवर बरेच फोन जागा सोडत नाहीत. ८०२.११ के, व्ही आणि आर या जोडांमुळे ॲक्सेस पॉइंट फोनला ‘तिकडे जा’ असं सुचवू शकतो आणि बदल पटकन होतो. लोक इथे ॲक्सेस पॉइंटची ताकद वाढवतात, ते चुकतं. कमी करून बघा. दूरच्याचा सिग्नल लवकर मंदावला की फोन लवकर जवळच्याकडे वळतो.

मॅक ॲड्रेस, आयपी, डीएचसीपी, गेटवे… हे सगळं थोडक्यात?

मॅक ॲड्रेस ही नेटवर्क कार्डाची ओळख, ४८ बिटांची. बारा अंक-अक्षरांत लिहितात आणि पहिला अर्धा भाग उत्पादकाचा असतो. आयपी पत्ता हा त्या त्या नेटवर्कपुरता मिळालेला पत्ता. तो वाटून देणारी सेवा म्हणजे डीएचसीपी, आणि ठरावीक मुदतीनंतर त्याचं नूतनीकरण होतं. गेटवे म्हणजे बाहेर जायची वाट, घरी तो राउटरच. डीएनएस संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी शोधून देतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले आहेत, इंटरनेटवर ते चालत नाहीत; म्हणून राउटर सगळ्यांच्या वतीने एकच सार्वजनिक पत्ता पुढे करतो. ते नॅट.

फोनला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळालेला दिसला तर समजा डीएचसीपीकडून उत्तरच आलेलं नाही. आणि हल्लीचे फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक दाखवतात. मॅक ॲड्रेसची यादी करून कुणाला आत घ्यायचं ते ठरवत असाल तर ती यादी आता फारशी कामाची नाही.

वेप, डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ यांपैकी कोणतं निवडावं?

ही वाय-फाय सुरक्षित ठेवण्याच्या पद्धतींची नावं. सगळी यंत्रं साथ देत असतील तर डब्ल्यूपीए३, नाहीतर डब्ल्यूपीए२-एईएस. वेप १९९७ पासूनचं. त्यातली कच्ची बाजू फ्लूरर, मान्टिन आणि शमीर या तिघांनी २००१ मध्ये दाखवून दिली, आणि आज ते काही मिनिटांत फुटतं. २००३ चं डब्ल्यूपीए हे तात्पुरतं ठिगळ होतं, २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आलं. २०१७ मध्ये त्यातही ‘क्रॅक’ नावाची फट सापडली, पण ती अपडेटने बुजवता आली. म्हणूनच राउटरचं फर्मवेअर (त्याच्या आतली प्रणाली) अद्ययावत ठेवायचं.

डब्ल्यूपीए२ मध्ये जोडणीच्या वेळची बोलणी टिपून नेऊन घरी निवांत पासवर्डचे अंदाज लावता येतात. २०१८ च्या डब्ल्यूपीए३ ने ही वाट बंद केली. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. आठ अक्षरांच्या चमत्कारिक चिन्हांपेक्षा चार-पाच असंबद्ध शब्दांची ओळ बरी: लक्षात राहते आणि फोडायला कठीण.

डब्ल्यूपीएसचं बटण वापरावं का?

डब्ल्यूपीएस म्हणजे पासवर्ड न टाकता, बटण दाबून किंवा पिन देऊन यंत्र जोडायची सोय. बटण चालेल, पिन बंद करा. पिन आठ आकडी असते, पण राउटर ती दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो. म्हणून दहा कोटींऐवजी अकरा हजार प्रयत्नांत ती सापडते. हे २०११ मध्येच उघड झालं.

लॅपटॉपला डोंगल लावावा की आतलं कार्ड बदलावं?

डोंगल म्हणजे यूएसबी पोर्टात लावायचं छोटं वाय-फाय यंत्र. कार्ड बदलता येत असेल तर तेच. आतल्या कार्डाला पडद्याच्या कडेने गेलेल्या चांगल्या अँटेना मिळतात. नखाएवढ्या डोंगलला कुठल्या मिळणार? डोंगलच वापरायचा असेल तर यूएसबी ३ चा गोंधळ लक्षात ठेवा. यूएसबी ३ च्या जोडण्यांतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. शेजारच्या पोर्टात हार्ड डिस्क लावली की वायरलेस माउस अडखळतो, त्यामागे बहुधा हेच असतं. छोट्या एक्स्टेन्शन वायरने डोंगल हातभर दूर नेला की फरक पडतो.

पीओई म्हणजे?

इथरनेटच्या तारेतूनच वीज. छतावरच्या ॲक्सेस पॉइंटला वेगळा प्लग नको. ८०२.३एएफ या मानकात स्विचकडून १५.४ वॉट मिळतात, ८०२.३एटी मध्ये ३०. स्विच पीओईचा नसेल तर मध्ये इंजेक्टर (तारेत वीज सोडणारा डबा) लावतात. मानक पाळणारा स्विच समोरच्याला विचारूनच वीज सोडतो. ‘पॅसिव्ह’ लिहिलेला इंजेक्टर विचारत नाही, तेव्हा त्याचा व्होल्टेज आधी जुळवा.

राउटर बंद-चालू केला की सगळं सुरळीत होतं. असं का?

चालू होताना राउटर पुन्हा हवेचा कानोसा घेतो आणि ऑटोवर असेल तर त्यातल्या त्यात रिकामं चॅनेल पकडतो. साठलेल्या जोडण्यांची यादी पुसली जाते, मेमरी मोकळी होते, बाहेरची लाइन नव्याने जुळते आणि चिकटून बसलेले फोनही झक मारत नव्याने जोडले जातात. यातलं नेमकं काय उपयोगी पडलं ते कळत नाही, हा या उपायाचा दोष. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या वेळी करावं लागलं तर सोडून द्या. दर दोन दिवसांनी लागत असेल तर आधी राउटरला हात लावून बघा फार तापतोय का, मग त्याचा पॉवर अडॅप्टर बदलून बघा. जुना झालेला अडॅप्टर भार आला की पुरेसा करंट देत नाही. दिवे लागलेले असतात आणि राउटर मात्र अडखळत राहतो. नवा अडॅप्टर घेताना व्होल्टेज तोच हवा. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नाही.